ओव्हरडोस झाला तर आधी १०८. गुन्ह्याचं नंतर पाहू: अमली पदार्थ कायद्यातल्या कलम ६४-अ ची माहिती

सोबतचा बेशुद्ध पडलाय, ओठ निळे पडतायत, श्वास अडकतोय. आणि बाकीचे दाराशी उभे राहून विचार करतायत, दवाखान्यात नेलं तर पोलीस येतील. ब्राउन शुगरसारख्या अफूच्या पदार्थांनी श्वासच मंदावतो, हातात मिनिटंच असतात. १०८ लावा. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा, नॅलोक्सोन (अफूच्या पदार्थांवरचा उतारा) द्यायचं की नाही ते त्यावर ठरतं. पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा निकालातच सांगितलंय. एमएलसी (दवाखान्यातली पोलीस केसची नोंद) होऊन पोलिसांना कळवलं जाईल, हे मात्र धरून चला. त्या भीतीपायी माणूस जाऊ देऊ नका.

फोन करणाऱ्यालाच अभय देणारं कलम १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात नाही, आणि ही उणीव मला फार खटकते. मोटार वाहन कायद्यातलं १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, पण ते रस्ते अपघातापुरतं आहे. उरतं ते एनडीपीएसचं कलम ६४-अ: व्यसनी माणसाने स्वतःहून उपचार घेतले तर त्याला खटल्यापासून संरक्षण.

कोणाला लागू? कलम २७ खाली (म्हणजे सेवनाचा) किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाला. अल्प म्हणजे हेरॉइन ५ ग्रॅम, चरस १०० ग्रॅम, गांजा १ किलोपर्यंत. कायद्याच्या लेखी व्यसनी म्हणजे पदार्थावर अवलंबून असलेला, त्यामुळे पार्टीत एकदाच घेतलेल्याने याच्या भरवशावर राहू नये. उपचार स्वतःहून मागितलेले हवेत, तेही सरकारी, महापालिकेच्या किंवा त्यांची मान्यता असलेल्या संस्थेत. साध्या खासगी केंद्रात पैसे भरण्याआधी मान्यतेचं पत्र बघायला मागा.

कागदपत्रं. कायद्याने ठरावीक फॉर्म दिलेला नाही. वकिलामार्फत न्यायालयात अर्ज करायचा. सोबत एफआयआर किंवा आरोपपत्राची प्रत, जप्त मालाचं वजन दाखवणारा पंचनामा, संस्थेचं मान्यतापत्र, केस पेपर आणि उपचार पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र ठेवा. ‘स्वेच्छेने दाखल’ ही नोंद दाखल होतानाच करून घ्या.

उपचार अर्धवट सोडले तर मिळालेलं संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं. दोषी ठरल्यावरही कलम ३९ खाली शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, तेव्हा तिथेही अर्ज करा. कुठे दाखल करायचं हे सुचत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.