साठीनंतर पुन्हा हार्मोन्स: हा प्रश्न आला कुठून?

जुलै २००२ मध्ये ‘हार्मोन्सने स्तनाचा कर्करोग वाढतो’ अशा बातम्या वाचून ज्या बायकांनी पाळी जातानाच्या त्रासासाठी चालू असलेली हार्मोन्सची गोळी दुसऱ्या दिवशी बंद केली, त्यांतल्या तेव्हा पन्नाशीत असलेल्या बायका आज सत्तरीच्या पुढे आहेत. काहींना अजूनही रात्री अंगातून वाफा निघून जाग येते. काहींचा हाडांच्या घनतेचा रिपोर्ट खाली आलाय, काहींना लघवीच्या जागी सतत जळजळ असते. मधल्या काळात या औषधांबद्दलचं मत बरंच बदललं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांच्या माहितीपत्रकावरचे, चौकटीत छापले जाणारे बहुतेक इशारे काढण्याचं जाहीर केलं. तेव्हापासून ‘मग मी पुन्हा सुरू करू का?’ हा प्रश्न वाढलाय. त्याच घोषणेत आणखी एक वाक्य होतं: सुरुवात साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून १० वर्षांच्या आत करावी. ही मर्यादा का आली, हे कळलं नाही तर बाकीची चर्चा अधांतरीच राहते.

सुरुवात १९४२ सालची. त्या वर्षी अमेरिकेत ‘प्रेमारिन’ या गोळीला मान्यता मिळाली. गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनांचं, म्हणजे स्त्री-हार्मोनांचं, ते मिश्रण, आणि नावही त्याच इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून केलेलं. वाफा, घाम, झोपमोड यांवर ती चांगली लागू पडे. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या न्यूयॉर्कच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने एक पुस्तक लिहून पाळी जाणं हा उपचार करण्याजोगा आजारच ठरवून टाकला आणि खप भराभर वाढला. मग डिसेंबर १९७५ मध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिकात दोन शोधनिबंध आले: नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कित्येक पटींनी जास्त दिसत होता. कारण सरळ आहे. इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन हे दुसरं स्त्री-हार्मोन त्या वाढीला आवरतं. दुसरं नसेल तर अस्तर वाढतच जातं. तेव्हापासूनचा नियम आजही तसाच आहे: गर्भपिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, पिशवी काढलेली असेल तर सहसा लागत नाही.

खरी गफलत झाली ती हृदयाच्या बाबतीत. १९७६ मध्ये अमेरिकेत १,२१,७०० परिचारिकांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. त्यात हार्मोन्स घेणाऱ्यांना हृदयविकार जवळपास निम्म्याने कमी होताना दिसला. पण स्वतःहून हार्मोन्स घेणाऱ्या बायका मुळातच अधिक सुस्थितीतल्या, अधिक व्यायाम करणाऱ्या, डॉक्टरकडे नियमित जाणाऱ्या होत्या. ते पुरतं लक्षात न घेता डॉक्टर पासष्टीच्या, सत्तरीच्या बायकांनाही ‘हृदयासाठी’ म्हणून गोळी लिहून देऊ लागले. उतारवयात सुरुवात करण्याची प्रथा इथून पडली.

तिला पहिला धक्का बसला १९९८ मध्ये. आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ बायकांवरची ‘हर्स’ चाचणी त्या वर्षी प्रसिद्ध झाली. सरासरी वय ६७. चार वर्षांत हृदयाला फायदा शून्य, आणि पहिल्याच वर्षात झटके उलट जास्त. पुन्हा सुरू करू पाहणाऱ्या प्रत्येकीने हे ‘पहिलं वर्ष’ ध्यानात ठेवावं, पुढे ते परत येणार आहे.

मग आली ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ ही अमेरिकेतली मोठी चाचणी. जुलै २००२ च्या बातम्या तिच्याच. गर्भपिशवी असलेल्या १६,६०८ बायका, वय ५० ते ७९, सरासरी ६३. निम्म्यांना रोज ०.६२५ मिलिग्रॅम घोडीचं इस्ट्रोजेन आणि २.५ मिलिग्रॅम मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम औषध), बाकीच्यांना औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी. साडेआठ वर्षं चालायची चाचणी सरासरी ५.२ वर्षांवर थांबवली गेली. मथळ्यांत ‘स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो’ एवढंच उरलं. प्रत्यक्षातले आकडे असे: दर वर्षी १०,००० बायकांमागे स्तनाचा कर्करोग ३० ऐवजी ३८ जणींना, हृदयविकार ३० ऐवजी ३७, पक्षाघात २१ ऐवजी २९, फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी ८ ऐवजी १६. मांडीच्या खुब्याचं हाड मोडणं ५ ने आणि आतड्याचा कर्करोग ६ ने कमी. अमेरिकेत वर्षाला सुमारे ९ कोटींवर असलेल्या हार्मोन्सच्या चिठ्ठ्या २००३ मध्ये ५ कोटी ७० लाखांच्या आसपास आल्या. औषध सोडणाऱ्यांत वाफांनी हैराण झालेल्या, ५१ वर्षांच्या, धडधाकट बायकाही होत्या. त्यांना या आकड्यांनी घाबरायचं फारसं कारण नव्हतं आणि त्यांची झोप, कामं, संसार यांची किंमत कोणीच मोजली नाही. याबद्दल हळहळ वाटते ती आजही.

आकडे वयानुसार फोडून पाहायला पाच वर्षं गेली. २००७ च्या विश्लेषणात चित्र पालटलं: पाळी जाऊन १० वर्षं व्हायच्या आत सुरुवात केलेल्यांमध्ये हृदयविकार वाढलेला नव्हता, किंचित कमीच होता. २० वर्षांनंतर सुरुवात केलेल्यांमध्ये तो वाढलेला होता. टॉमस क्लार्कसन या अमेरिकी संशोधकाच्या माकडांवरच्या प्रयोगांनी हेच आधी सुचवलं होतं. बीजकोश काढल्यावर लगेच इस्ट्रोजेन दिलेल्या माकडिणींच्या हृदयाच्या धमन्यांत मेदाचा थर खूपच कमी साचला, पण दोन वर्षं, म्हणजे माणसाच्या हिशेबाने सुमारे सहा वर्षं उशीर झाला तर काहीच फरक पडला नाही. २०१६ मध्ये ‘एलाइट’ चाचणीने ६४३ बायकांच्या मानेतल्या धमनीच्या भिंतीची जाडी सोनोग्राफीने मोजली. पाळी जाऊन सहा वर्षं न झालेल्यांमध्ये इस्ट्राडायॉल या इस्ट्रोजेनने भिंत जाड होण्याचा वेग मंदावला. १० वर्षं उलटून गेलेल्यांमध्ये नाही.

असं का होतं? तरुण, स्वच्छ धमनीचं आतलं अस्तर इस्ट्रोजेनला प्रतिसाद देतं, सैलावतं, मेद साचू देत नाही. पण एकदा मेदाचा थर जमून त्यावर पातळ साय धरली की तेच इस्ट्रोजेन, विशेषतः तोंडाने घेतलेलं, ती साय कमकुवत करणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) चालना देतं. साय फाटली की तिथे गुठळी. शिवाय गोळी पोटातून थेट यकृतात जाते आणि यकृत रक्त गोठवणारी द्रव्यं जास्त बनवू लागतं. हा परिणाम सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत जास्त, म्हणूनच ‘हर्स’मधलं ते पहिलं वर्ष. त्वचेतून जाणारं इस्ट्राडायॉल यकृताला वळसा घालतं. फ्रान्समधल्या ‘एस्थर’ अभ्यासात आणि २०१९ च्या मोठ्या ब्रिटिश पाहणीत पॅच किंवा जेल वापरणाऱ्यांमध्ये गुठळ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही.

उशिरा सुरुवात केल्याचे आणखी दोन धडे. पासष्टीच्या पुढच्या ४,५३२ बायकांमध्ये इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या एकत्र गोळीने स्मृतिभ्रंश दुप्पट झाला, हे २००३ मध्ये कळलं. म्हणजे ‘मेंदू तल्लख राहावा म्हणून’ या वयात हार्मोन्स घेणं साफ चूक. आणि २००८ ची ‘लिफ्ट’ चाचणी: ६० ते ८५ वयाच्या, हाडं ठिसूळ झालेल्या ४,५०० वर बायकांपैकी निम्म्यांना टिबोलोन हे हार्मोनांसारखं काम करणारं कृत्रिम औषध १.२५ मिलिग्रॅम दिलं. मणक्याची हाडं मोडणं कमी झालं, पण पक्षाघात दुपटीहून वाढल्याने चाचणी मध्येच थांबवावी लागली. आपल्याकडेही टिबोलोन बरंच वापरलं गेलंय. साठीनंतर ते नव्याने धरू नये.

आता मूळ प्रश्न. ‘पुन्हा’ या शब्दाने असं वाटतं की मध्ये फक्त खंड पडला, आता मागील पानावरून पुढे. धमन्यांना तसं चालत नाही. बारा वर्षांचा खंड म्हणजे बारा वर्षं इस्ट्रोजेनविना साचलेला थर, आणि सुरुवात पुन्हा त्या धोक्याच्या पहिल्या वर्षापासून. स्तनाचा हिशेब मात्र उलटा लागतो, तिथे आधी घेतलेली वर्षं जमेस धरली जातात. ‘इनिशिएटिव्ह’मधल्या साधारण चौथाई बायकांनी आधी कधीतरी हार्मोन्स घेतली होती. एकत्र गोळीने स्तनाच्या कर्करोगात झालेली वाढ प्रामुख्याने त्यांच्यात दिसली, कधीच न घेतलेल्यांमध्ये त्या काळात जवळपास नाही. त्यामुळे ‘मला पूर्वी काही त्रास झाला नव्हता’ हा युक्तिवाद इथे फारसा उपयोगी पडत नाही.

भारतीय बायकांसाठी यात आणखी एक खोच आहे. आपल्याकडे पाळी सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य बायकांची ५१ च्या आसपास. म्हणजे ‘साठीच्या आत’ एवढाच निकष धरला तर ५८ वर्षांची बाई त्यात बसते, पण तिची पाळी ४४ व्या वर्षी गेली असेल तर १४ वर्षं उलटलेली असतात. दोन्ही निकष एकदम लावावेत. आणि बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचं काय? २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा त्या जिल्ह्यात गर्भपिशवी काढलेल्या हजारो बायका आढळल्या, कित्येक चाळिशीच्या आतल्या. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही गेले असतील तर त्याच दिवशी पाळी गेल्यासारखं होतं. अशा बाईला नैसर्गिक वयापर्यंत तरी इस्ट्रोजेन मिळायला हवं, मनाई असणारं दुसरं काही कारण नसेल तर. त्या वयात ते न देणं हेच हाडांना आणि हृदयाला घातक. म्हणून जुना ऑपरेशनचा कागद शोधून बीजकोश ठेवलेत की काढलेत, हे आधी बघावं.

प्रत्यक्ष निर्णय कसा घेतात? शस्त्रक्रियेमुळे किंवा पॅच मिळेना म्हणून ५५ व्या वर्षी चारसहा महिने खंड पडला असेल तर कमी मात्रेने परत सुरू करायला अडचण नसते. साठी किंवा १० वर्षं उलटली असतील तर कारण एकच धरावं: झोप, काम अशक्य करणाऱ्या वाफा, ज्या इतर उपायांनी आटोक्यात येत नाहीत. २०२३ पासून अमेरिकेत फेझोलिनेटंट हे हार्मोन नसलेलं औषध आहे, पण त्यावर यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. हाडांसाठी या वयात आठवड्याला ७० मिलिग्रॅम ॲलेंड्रोनेट किंवा वर्षाला एकदा शिरेतून ५ मिलिग्रॅम झोलेड्रोनिक ॲसिड हे सरळ मार्ग आहेत. स्तनाचा कर्करोग, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, पायात किंवा फुप्फुसात गुठळी, चालू यकृतविकार यांपैकी काही झालेलं असेल तर पुन्हा सुरू करू नये. पाळी गेल्यानंतर रक्त दिसलेलं असेल तर आधी त्याचं कारण शोधायचं.

सुरू करायचंच ठरलं तर आधी रक्तदाब, साखर, मेदाची तपासणी आणि मॅमोग्राफी. मग त्वचेतून, खालच्या मात्रेने: २५ मायक्रोग्रॅमचा पॅच आठवड्यातून दोनदा, किंवा ०.७५ मिलिग्रॅम इस्ट्राडायॉल देणारा जेलचा एक पंप रोज. गर्भपिशवी असेल तर सोबत मायक्रोनाइज्ड (बारीक कण केलेल्या) प्रोजेस्टेरॉनची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल, रोज रात्री झोपताना. त्याने गुंगी येते, म्हणून सकाळी घेऊ नये. आणि गुंगी येते म्हणून परस्पर बंद तर मुळीच करू नये. जेल चालू, कॅप्सूल बंद, ही १९७५ पूर्वीचीच चूक. काही कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, ॲलर्जी असल्यास पाकीट वाचून घ्यावं. मात्रा वाढवायचीच तर सहा ते आठ आठवडे थांबून. स्तन दुखरे झाले तर मात्रा जास्त होते आहे.

पॅच ‘लागू पडत नाही’ याचं एक कारण खोबरेल असू शकतं. आंघोळीआधी अंगाला तेल लावलं की साबणानंतरही त्वचेवर तवंग राहतो, पॅचच्या कडा सुटतात आणि औषध आत जात नाही. पोटाच्या खालच्या भागावर किंवा कुल्ल्यावर, कोरड्या, तेल न लागलेल्या जागी लावून तळव्याने १० सेकंद दाबावा. दर वेळी जागा बदलावी, स्तनावर कधीच नको. जेल दंडावर किंवा मांडीवर चोळून पूर्ण वाळू द्यावं, तासभर ती जागा धुऊ नये, आणि तेवढा वेळ नातवंडाला मांडीवर घेऊ नये. बाळाच्या त्वचेतूनही ते जातं. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत थोडे रक्ताचे डाग पडू शकतात. त्यानंतरही रक्त गेलं, किंवा कधीही जास्त गेलं, तर योनीमार्गे सोनोग्राफी करावी. अस्तर ४ मिलिमीटरहून जाड असेल तर त्याचा तुकडा तपासायला घेतात.

आणि ज्यांचा त्रास फक्त कोरडेपणा, जळजळ, वारंवार होणारा लघवीचा संसर्ग एवढाच आहे त्यांना हे सगळं करायची गरजच नसते. योनीत लावायचं इस्ट्रोजेन रक्तात अगदी नगण्य जातं, त्याला वयाची मर्यादा नाही, सोबत प्रोजेस्टेरॉनही सहसा लागत नाही. इस्ट्रिऑल या इस्ट्रोजेनची १ मिलिग्रॅम प्रति ग्रॅमची क्रीम असेल तर अर्धा ग्रॅम रोज रात्री दोनतीन आठवडे, मग आठवड्यातून दोनदा. स्तनाच्या कर्करोगासाठी इस्ट्रोजेन रोखणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारावं. या क्रीमच्या खोक्यातल्या कागदावरही वर्षानुवर्षं तोंडाने घ्यायच्या गोळीचेच इशारे छापले गेले आणि ते वाचून असंख्य बायकांनी ट्यूब न उघडता ठेवून दिली. पूर्ण गुण यायला ८ ते १२ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून सोडू नये.