शॉट टायमर घेताना आधी त्याचा कान तपासा

प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये, म्हणजे घड्याळ लावून अनेक लक्ष्यांवर गोळ्या मारण्याच्या खेळात, नेम आणि वेग यांचा हिशेब एकाच भागाकारात होतो. १९७६ साली स्थापन झालेल्या आयपीएससी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पद्धतीत मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. येणाऱ्या संख्येला हिट फॅक्टर म्हणतात. बारा गोळ्या, सगळ्या लक्ष्यावरच्या पाच गुणांच्या ‘ए’ झोनमध्ये, म्हणजे ६० गुण. ते ६ सेकंदांत झाले तर हिट फॅक्टर १०, आणि ६.३० सेकंद लागले तर ९.५२. ही ०.३० सेकंदांची गळती नेमकी कुठे झाली? पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमधून काढताना (ड्रॉ), मॅगझीन बदलताना, की एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर जाताना? स्टॉपवॉच दाबणाऱ्या माणसाला हे सांगता येणार नाही, कारण त्याचं बोटच ०.१५ ते ०.२० सेकंद उशिरा हलतं.

शॉट टायमर बटण दाबल्यावर थोडा थांबतो, मोठा बीप देतो, आणि त्या क्षणापासून मायक्रोफोनवर येणाऱ्या प्रत्येक गोळीच्या आवाजाची वेळ लिहून ठेवतो. पहिल्या गोळीपर्यंतचा वेळ, दोन गोळ्यांमधलं अंतर म्हणजे स्प्लिट, आणि शेवटच्या गोळीची एकूण वेळ हे सगळं त्यातून मिळतं. यातला घड्याळाचा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. अगदी साध्या क्वार्ट्झ स्फटिकाची चूक दहा लाखांत ५० भाग धरली, तरी ३० सेकंदांच्या स्टेजमध्ये, म्हणजे सामन्यातल्या एका फेरीत, फरक पडतो दीड हजारांश सेकंदाचा. त्यामुळे ‘हजारांश सेकंदापर्यंत अचूक’ या जाहिरातीसाठी जास्त पैसे मोजू नयेत. टायमर-टायमरमध्ये खरा फरक असतो तो कानाचा: गोळी कोणती आणि नुसता गोंगाट कोणता, हे त्याला किती नीट ओळखता येतं.

टायमर आवाजाची एक पातळी ठरवतो आणि तिच्यावर अचानक उसळी आली की गोळी मोजतो. मग काही क्षण तो कान बंद ठेवतो, म्हणजे त्याच गोळीचा घुमारा दुसऱ्यांदा मोजला जाऊ नये. पातळी किती ठेवायची याचं सेटिंग म्हणजे सेन्सिटिव्हिटी: ती वाढवली की पातळी खाली येते आणि क्षीण आवाजही मोजला जातो. पिस्तुलाच्या आवाजाचं शिखर नेमबाजाच्या कानापाशी १५० डेसिबलच्या वर जातं; .२२ बोअरचं बरंच कमी, एअर पिस्तुलाचं तर फारच कमी. एकाच ठरावीक पातळीचा टायमर या तिन्हींना पुरा पडत नाही. म्हणून सेन्सिटिव्हिटी पायरीपायरीने बदलता येणं ही पहिली अट. ज्यांचा सराव मुख्यत्वे एअर पिस्तुलावर किंवा .२२ वर आहे, त्यांनी टायमर त्याच हत्याराच्या आवाजावर चालवून पाहावा आणि मगच घ्यावा.

दुसरी अडचण शेजारच्या लेनची. टायमर कमरेला लावला तर आपली नळी त्याच्यापासून साधारण अर्ध्या मीटरवर, शेजाऱ्याची दीड मीटरवर. अंतर तिप्पट झालं की आवाज सुमारे साडेनऊ डेसिबल उतरतो. टायमरला एवढ्याच फटीत निवड करायची असते, म्हणून ही फट आपणच वाढवावी: टायमर शेजाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या कमरेला लावला की मध्ये स्वतःचं शरीर येतं. मात्र होल्स्टरची बाजू टाळावी, कारण ड्रॉ करताना कोपर आपटतं. मायक्रोफोनचं छिद्र शर्टाखाली झाकलं गेलं तर आवाज दबतो, शिवाय कापडाची घासही ऐकू जाते.

प्रतिध्वनी ओळखायला साधं गणित पुरतं. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून १० मीटरवरच्या भिंतीवरून परतायला त्याला ०.०५८ सेकंद लागतात. स्प्लिटच्या यादीत ०.०६ दिसलं तर तो आकडा तुमच्या बोटाचा नाही, भिंतीचा आहे. मुरलेले नेमबाजही जवळच्या लक्ष्यावर साधारण ०.१५ ते ०.२० च्या स्प्लिटने मारतात, ०.१० च्या खालच्या प्रत्येक आकड्यावर संशय घ्यावा. कान बंद ठेवण्याचा काळ ०.०८ सेकंदांच्या आसपास नेता आला, तर बंदिस्त रेंजवरचा हा त्रास बहुतेक मिटतो.

स्टीलची प्लेट मात्र जास्त लबाड. प्लेट २० मीटरवर आणि गोळीचा वेग सेकंदाला ३०० मीटर धरा. गोळी पोहोचायला ०.०६७ सेकंद आणि ‘टण्ण’ परत यायला ०.०५८, मिळून ०.१२५ सेकंद. हा आकडा माणसाच्या खऱ्या स्प्लिटच्या इतका जवळ आहे की कान बंद ठेवून तो गाळायला गेलं तर खरी गोळीही गळू शकते. इथे सेन्सिटिव्हिटी उतरवणं हाच उपाय. प्लेटचा आवाज नळीच्या आवाजापेक्षा पुष्कळ क्षीण असतो, त्यामुळे ते जमतंही.

टायमर बाकावर ठेवला तर? ३ मीटरवरून बीप कानापर्यंत यायला सुमारे ०.००९ सेकंद, आणि गोळीचा आवाज परत मायक्रोफोनपर्यंत जायला तेवढेच. पहिल्या गोळीची वेळ जवळजवळ ०.०२ सेकंद जास्त दिसेल. स्प्लिट मात्र बिघडत नाहीत, कारण प्रत्येक गोळीला उशीर सारखाच. एकदा कमरेला आणि एकदा बाकावर असं करून ड्रॉच्या वेळांची तुलना करू नये, इतकंच.

बीपकडे ग्राहकाचं लक्ष सहसा जात नाही, आणि इथेच पश्चात्तापाची वेळ येते. बहुतेक टायमरचा बीप उंच पट्टीचा असतो आणि कान वाचवायला घातलेले इअरमफ उंच पट्टीचा आवाजच जास्त अडवतात. त्यात भर म्हणजे गोळीबाराच्या आवाजाने होणारा बहिरेपणा ३ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आधी सुरू होतो. म्हणून आवाज कमी-जास्त करता यावा, आणि जमल्यास पट्टीही बदलता यावी. विकत घेण्यापूर्वी स्वतःचे इअरमफ घालून, टायमर कमरेला लावून, आजूबाजूला आवाज चालू असताना बीप ऐकावा. ब्लूटूथ इअरफोनमधून बीप ऐकण्याचा मोह आवरावा: त्यात आवाज अनेकदा ०.१५ सेकंद किंवा त्याहूनही उशिरा पोहोचतो, आणि तो सगळा उशीर तुमच्या ड्रॉच्या खात्यावर पडतो.

बीपआधीचा थांबा अनियमित हवा. आयपीएससीच्या सामन्यात ‘स्टँडबाय’ (तयार राहा) या हुकुमानंतर १ ते ४ सेकंदांत कधीही बीप येतो. दरवेळी बरोबर तीन सेकंदांनी बीप देणाऱ्या टायमरवर मेंदू मनातल्या मनात मोजू लागतो, हात आधीच निघतो, आणि सरावातला सुंदर ड्रॉ सामन्यात तसा दिसत नाही.

पार टाइम म्हणजे ठरवलेल्या वेळेनंतरचा दुसरा बीप. ड्राय फायरला, म्हणजे गोळीशिवायच्या सरावाला, हाच खरा आधार, कारण ट्रिगरची टिकटिक बहुतेक टायमरना ऐकूच येत नाही. ड्रॉ १.८० सेकंदांत जमत असेल तर पार तिथेच ठेवा, दहापैकी आठ वेळा दुसऱ्या बीपआधी पिस्तुलाची साइट (नेम धरायची खूण) लक्ष्यावर स्थिर झाली की ०.०५ ने उतरवा. एकदम १.४० ठेवलं की पकड बिघडते आणि बिघडलेली पकडच घोटून पक्की होते. ड्राय फायरच्या खोलीत जिवंत काडतूस ठेवायचं नाही. पिस्तूल आणि मॅगझीन रिकामी असल्याची खात्री दोनदा करायची.

ऑलिंपिक प्रकारांनाही पार उपयोगी पडतो. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारातल्या रॅपिड टप्प्यात एका गोळीला ३ सेकंद मिळतात आणि मध्ये ७ सेकंदांचा खंड असतो. अनेक पार ओळीने लावता येणाऱ्या टायमरवर ही लय बसवता येते. फक्त तिथे इशारा प्रकाशाचा असतो, आणि माणूस प्रकाशापेक्षा आवाजाला किंचित लवकर प्रतिसाद देतो, हे आकडे वाचताना ध्यानात ठेवावं.

फोनवरचं अ‍ॅप ड्राय फायरला पुरतं. रेंजवर मात्र फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी जुळवलेला असतो: मोठ्या आवाजाला तो आपोआप दाबतो, गोंगाट गाळायला जातो, आणि काही गोळ्या त्या गाळणीत अडकतात. बीपही इअरमफमधून धड पोहोचत नाही.

बटणं चाचपून ओळखता आली पाहिजेत. स्टार्ट आणि रिव्ह्यू ही दोन वेगळी आणि एकमेकांपासून दूर हवीत, नाहीतर आकडे बघायला जाल आणि चुकून नवी फेरी सुरू होईल. काही टायमरमध्ये तेवढ्याने आधीची नोंद पुसली जाते. पडदा उन्हात वाचून पाहावा. हिट फॅक्टर काढून देणं, फोनला जोडणी, रंगीत पडदा या गोष्टी पहिल्या टायमरला नसल्या तरी चालतं.

रेंजवर पहिलं काम जुळवणीचं. सेन्सिटिव्हिटी मधोमध ठेवून पाच गोळ्या सावकाश मारा. नोंद पाचच हवी. कमी आली तर एक पायरी वर, जास्त आली तर एक पायरी खाली. मग स्वतः थांबा, शेजाऱ्याला मारू द्या. तुमचा आकडा हलता कामा नये. शेवटी दोन-दोन गोळ्या वेगाने मारून जोड्या पुऱ्या मोजल्या जातात का ते बघा. रेंज बदलली, छप्पर आलं, हत्यार बदललं की हे पुन्हा करायचं. बॅटरी उतरू लागली की बीप क्षीण होऊ शकतो आणि दोष आपण इअरमफला देत बसतो, म्हणून सुटी बॅटरी पिशवीत असावी, आणि टायमर महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर आतली काढून ठेवावी.