एनपीटीईएलचे क्रेडिट हवे असतील तर नोंदणी दोनदा करावी लागते

पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत दर सत्राला हेच दिसतं. मुलं एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांच्या प्राध्यापकांचा ऑनलाइन कोर्स बारा आठवडे करतात, असाइनमेंट भरतात आणि पदवीत त्याचे क्रेडिट धरले नाहीत म्हणून विभागाच्या ऑफिसबाहेर ताटकळत बसतात. बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. 'स्वयम' या सरकारी पोर्टलवर कोर्सला नाव घातलं की परीक्षेचा फॉर्मही भरला गेला, असं त्यांना वाटतं. तसं नसतं. कोर्सला नाव घालणं फुकट आहे. परीक्षेचा अर्ज वेगळा, शेवटची तारीख वेगळी आणि फी प्रत्येक कोर्सला १००० रुपये. ती तारीख गेली की कोर्स शिकता येतो, क्रेडिट मिळत नाहीत.

कोर्सला कोणीही बसू शकतं, पण क्रेडिट धरायचे की नाही हे कॉलेज ठरवतं. म्हणून विभागाची लेखी मान्यता आधी घ्या. हाच कागद कोणाकडे नसतो. 'सर हो म्हणाले होते' हे ऑफिसात चालत नाही, आणि हे मुलांना सत्राच्या सुरुवातीलाच कोणी बजावून सांगत नाही, याचा राग येतो. अर्जात कोर्सचं नाव, कोड, आठवडे आणि तो कोणत्या इलेक्टिव्हच्या (निवडीच्या विषयाच्या) जागी घेताय हे लिहा. सही-शिक्क्याची प्रत स्वतःकडे ठेवा. आठ आठवड्यांच्या कोर्सला २ क्रेडिट, बारा आठवड्यांच्या ३. तीन क्रेडिटच्या इलेक्टिव्हला आठ आठवड्यांचा कोर्स पुरत नाही.

क्रेडिट जमा होतात ते एबीसी, म्हणजे 'अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'च्या खात्यात. त्याचा आयडी डिजिलॉकरमधून निघतो आणि तिथे आधारवरचं नाव येतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं नावच नाही, म्हणून नावं जुळत नाहीत. त्यात आधारला गावाकडचा बंद पडलेला नंबर जोडलेला असेल तर ओटीपी येणार कुठे? आधारवरचं नाव आणि नंबर दुरुस्त करायचं हे केंद्रावरचं काम सुट्टीतच उरका.

गुणांत असाइनमेंटचे २५, परीक्षेचे ७५. बारा आठवड्यांच्या कोर्सात बारांपैकी सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरतात. असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० हवेत, दोन्ही. परीक्षेत साठ मिळवून असाइनमेंटमध्ये आठवर राहिलेल्याला प्रमाणपत्र मिळत नाही.

आता झेपण्याचं. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या नमुना अभ्यासक्रमात चार वर्षांचे १६० क्रेडिट, म्हणजे सत्राला साधारण वीस. ऑनर्स किंवा मायनर घेतलं तर वर आणखी १८ ते २०. जुलैच्या सत्रात याच्या जोडीला गणपती, ढोल-ताशा पथकाचा सराव आणि इनसेम, म्हणजे सत्राच्या मधली परीक्षा. असाइनमेंटची मुदत बहुधा बुधवारी रात्री संपते, त्यामुळे मंगळवारी सरावाला निघण्याआधी ती सोडवून टाका. बॅकलॉग असेल तर या सत्रात जादा कोर्स घेऊ नका, कळकळीने सांगतोय.

परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते. हॉल तिकीट आणि मूळ ओळखपत्र लागतं. ती ऑक्टोबरच्या अखेरीस, दिवाळीच्या आसपास येऊ शकते. तेव्हा लातूरला घरी असणार असाल तर फॉर्ममध्ये सवयीने पुणे टाकू नका.