पाकिटावरचं ‘अनक्युअर्ड’ बेकन आणि साधं बेकन

न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीकडे शनिवारी सकाळी मुलांसाठी बेकन तळलं जातं. मध्यंतरी ती फोनवर म्हणाली, “आता आम्ही अनक्युअर्डच, म्हणजे न मुरवलेलंच, आणतो गं. महाग पडतं, पण त्यात नायट्राइट नसतं.” मी तिला पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला लावली. तिथं छापलं होतं: नायट्राइट घातलेलं नाही, सेलरी या भाजीच्या पावडरीत नैसर्गिकरीत्या असतं तेवढं सोडून.

सगळी मेख त्या ‘सोडून’मध्ये आहे.

साधं बेकन म्हणजे डुकराच्या पोटाकडचं चरबीदार मांस मीठ, साखर आणि सोडियम नायट्राइटमध्ये मुरवून धुरी दिलेलं. नायट्राइटमुळे गुलाबी रंग आणि ती खास चव येते, शिवाय बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जीवाणू वाढत नाहीत. ‘अनक्युअर्ड’ बेकनही मुरवलेलंच असतं. सेलरीत नायट्रेट भरपूर असतं, जीवाणूंच्या मदतीनं त्याचं नायट्राइट करतात आणि तेच मांसाला लावतात. रेणू तोच. फरक एवढाच की अमेरिकेच्या लेबलाच्या नियमांत भाजीतून आलेलं नायट्राइट ‘घातलेलं’ धरलं जात नाही. मला हे लेबल सरळसरळ दिशाभूल करणारं वाटतं, कारण ते वाचून माणूस निर्धास्तपणे दोन पट्ट्या जास्त खातो.

मग पालक आणि बीटही वाईट का? त्यांतही नायट्रेट असतंच. पण भाजीत सोबत क जीवनसत्त्व असतं, जे नायट्रोसामाइन नावाची संयुगं तयार होण्याला आडकाठी करतं. बेकनमध्ये नायट्राइट आणि मांसातली प्रथिनं एकत्र असतात आणि वरून तव्याची कडक आच. नायट्रोसामाइन अशाच वेळी तयार होतात, आणि त्यांतली बरीचशी कर्करोगकारक आहेत. म्हणूनच अमेरिकेत साध्या बेकनमध्ये किलोमागे 120 मिलिग्रॅम सोडियम नायट्राइटसोबत क जीवनसत्त्वाच्या जातकुळीतलं एक संयुग 550 मिलिग्रॅम घालावं लागतं. तळताना काळपट होऊ न देणं हेही त्यासाठीच.

2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्याच गटात टाकलं, तेव्हा बराच गोंधळ उडाला. तो गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे नाही. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. अमेरिकेत आयुष्यभरात हा कर्करोग 100 पैकी साधारण 4 जणांना होतो. त्यात 18 टक्के वाढ धरली, तरी आकडा 5 च्या आतच राहतो. रोज खाणाऱ्यासाठी ही वाढ खरी आहे. महिन्यातून दोनदा खाणाऱ्यानं एवढं घाबरायचं कारण नाही. मीठ मात्र दोन्ही पाकिटांत भरपूर असतं, रक्तदाब असलेल्यांनी आधी तो आकडा पाहावा.

बहिणीला मी एवढंच म्हटलं, साधंच आण, कमी वेळा आण, मंद आचेवर कर आणि सोबत अंडी-टोमॅटो वाढ.

तिचा पुढचा प्रश्न गोव्याच्या चोरिसाचा होता. मीठ, व्हिनेगर आणि मिरचीत मुरवून वाळवलेलं मांस, म्हणजे व्याख्येनुसार तेही प्रक्रिया केलेलंच. मुरवायला काय वापरलं, यानं ते त्या यादीतून सुटत नाही.