वॉल स्ट्रेस आणि वॉल शिअर स्ट्रेस: धमनीच्या फुग्यातले दोन निराळे ताण

धमनीचा एखादा भाग कमकुवत होऊन फुगतो, तेव्हा त्याला ॲन्युरिझम म्हणतात. तो फुटण्याचा धोका अजमावण्यासाठी सीटी स्कॅनवरून संगणकीय प्रारूप तयार केले, की दोन राशी हमखास समोर येतात: वॉल स्ट्रेस आणि वॉल शिअर स्ट्रेस. नावे सारखी, एकक दोहोंचे पास्कल आणि नकाशेही दोन्ही निळ्यापासून लालपर्यंत रंगवलेले असल्यामुळे ‘लाल म्हणजे धोका’ हा एकच अर्थ दोन्हीकडे लावला जातो. माझ्या मते ही चूक गंभीर आहे.

वॉल स्ट्रेस हा रक्तदाबामुळे भिंतीच्या जाडीत निर्माण होणारा, तिला ताणून फाडू पाहणारा ताण होय. पोटातील महाधमनी ५.५ सेंमी व्यासापर्यंत फुगली, की पुरुषांमध्ये सहसा शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. एवढ्या फुग्यासाठी भिंत २ मिमी जाड आणि दाब १२० मिमी पारा, म्हणजे सुमारे १६,००० पास्कल, धरून हिशेब करून पाहावा: दाबाला त्रिज्येने गुणून जाडीने भागल्यास उत्तर सुमारे २,२०,००० पास्कल येते. वाहते रक्त आतल्या अस्तराला घासून जाताना जो ताण देते तो वॉल शिअर स्ट्रेस. निरोगी धमनीत तो साधारण १ ते ७ पास्कल असतो. एवढ्याशा ताणाने भिंत फाटत नाही.

फुगवटा वाढताना दोघांची दिशाही उलटी असते. साध्या नळीच्या सूत्राने, प्रवाह व जाडी तीच ठेवून त्रिज्या दुप्पट केली, तर वॉल स्ट्रेस दुप्पट होतो आणि शिअर आठव्या हिश्श्यावर येतो.

मग शिअर मोजायचा कशाला? कारण अस्तराच्या पेशींना हे घासणे जाणवते आणि त्यानुसार त्यांचे वागणे बदलते: मंद, दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहात दाह वाढून भिंत झिजू शकते, तर झोताच्या माऱ्याखालीही ती कमकुवत होऊ शकते. मेंदूतील ॲन्युरिझमविषयी २०११ मध्येच एका अभ्यासात फुटलेल्या फुग्यांत शिअर कमी, तर दुसऱ्या अभ्यासात अशाच फुग्यांत कमाल शिअर जास्त आढळला. २०१४ मध्ये दोन्ही मार्गांनी भिंत बिघडू शकते, अशी मांडणी झाली. म्हणूनच शिअरच्या नकाशातला गडद निळा भाग निर्धोक समजणे मला अजिबात मान्य नाही.

वॉल स्ट्रेसचा नकाशा वाचायला सरळ वाटतो, पण भिंत फुटते ती ताण तिच्या बळापेक्षा जास्त झाल्यावर, आणि जिवंत माणसाच्या भिंतीचे बळ थेट मोजता येत नाही. मेंदूतील फुग्याची भिंत तर इतकी पातळ असते, की नेहमीच्या स्कॅनमध्ये तिची जाडीही नीट दिसत नाही. त्यामुळे तिथल्या प्रारूपांचा भर बहुतेक वेळा शिअरवर, तर महाधमनीच्या प्रारूपांचा वॉल स्ट्रेसवर राहिला आहे.