लोड बॅलन्सरची जोडी
लोड बॅलन्सरची जोडी : सर्व्हरांपुढे बसून येणारी रहदारी त्यांच्यात वाटून देणारी दोन यंत्रे अशी जोडतात, की एक बंद पडताच दुसरे त्याचे काम काही सेकंदांत उचलते. या बदलाला फेलओव्हर म्हणतात. एखादा सर्व्हर बिघडला तर लोड बॅलन्सर त्याला वगळून पुढे जातो. पण लोड बॅलन्सरच बंद पडला, तर मागचे सगळे सर्व्हर धडधाकट असूनही संकेतस्थळ उघडत नाही.

नाशिकमध्ये ही गरज ठरावीक दिवशी फार तीव्र होते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ या दोन्ही राज्यव्यापी विद्यापीठांची मुख्यालये इथे आहेत, आणि निकाल लागला की राज्यभरातले विद्यार्थी एकाच वेळी संकेतस्थळावर येतात. २०२६–२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी वाहनतळ, घाट आणि बसगाड्यांची माहिती लाखो भाविक मोबाइलवरच शोधणार. अशा दिवशी अर्धा तास सेवा बंद राहणे म्हणजे माणसांची खरीखुरी अडवणूक.

जोडीतले एक यंत्र ॲक्टिव्ह, म्हणजे काम करणारे असते, दुसरे स्टँडबाय, म्हणजे राखीव. बाहेरच्या जगाला मात्र एकच व्हर्च्युअल आयपी (जोडीचा सामाईक नेटवर्क-पत्ता) दिसतो आणि तो ॲक्टिव्ह यंत्राकडे असतो. यासाठीचा खुला प्रोटोकॉल (यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम) व्हीआरआरपी १९९८ मध्ये आरएफसी २३३८ या इंटरनेटविषयक दस्तऐवजात प्रसिद्ध झाला. आरएफसी ९५६८ ही त्याची २०२४ ची आवृत्ती. त्यात ॲक्टिव्ह यंत्र साधारणपणे दर सेकंदाला २२४.०.०.१८ या पत्त्यावर ‘मी आहे’ असा संदेश पाठवते. हा संदेश थांबला की प्राधान्यांक १०० असलेले स्टँडबाय सुमारे ३.६ सेकंद वाट पाहते, मग व्हर्च्युअल आयपी स्वतःकडे घेते आणि तसा एआरपी संदेश (आयपी आता कोणत्या यंत्राकडे आहे हे नेटवर्कला सांगणारा) सोडते, म्हणजे स्विच नव्या पोर्टकडे रहदारी वळवतात. नेटस्केलर या लोड बॅलन्सरमध्ये हार्टबीट, म्हणजे असाच ‘मी आहे’ संदेश, दर २०० मिलिसेकंदांनी जातो आणि ३ सेकंद शांतता राहिली की जोडीदार गेला असे धरतात. एफ५ कंपनीच्या बिग-आयपी या लोड बॅलन्सरमध्ये आधी दोन यंत्रांत परस्परविश्वास प्रस्थापित करावा लागतो, त्यासाठी दोन्हींची घड्याळे जुळलेली हवीत. मग डिव्हाइस ग्रुप (एकत्र काम करणारी यंत्रे), ट्रॅफिक ग्रुप (फेलओव्हरमध्ये एकत्र हलणाऱ्या पत्त्यांचा गट) आणि फ्लोटिंग आयपी (एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाणारा पत्ता) ठरवतात.

मांडणी करताना दोन्ही यंत्रांचे मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि परवाने सारखे ठेवावेत. सर्वांत जपायची पायरी म्हणजे पहिले कॉन्फिग सिंक, म्हणजे एका यंत्रावरची मांडणी दुसऱ्यावर उतरवणे. सिंकला दिशा असते. नव्या, कोऱ्या यंत्राकडून चालू यंत्राकडे सिंक झाले, तर व्हर्च्युअल सर्व्हर (रहदारी स्वीकारणारे पत्ते), पूल (मागच्या सर्व्हरांचे गट), प्रमाणपत्रे सगळे पुसले जाते. म्हणून आधी बॅकअप घेऊन तो यंत्राबाहेर ठेवणे आणि दिशा दोघांनी मिळून तपासणे आवश्यक आहे.

यापेक्षाही घातक स्थिती म्हणजे स्प्लिट-ब्रेन : दोन्ही यंत्रे जिवंत, पण एकमेकांचा आवाज बंद, त्यामुळे दोन्ही स्वतःला ॲक्टिव्ह समजतात. एकच आयपी दोन ठिकाणांहून बोलू लागतो आणि वापरकर्त्यांची कनेक्शने तुटत राहतात. समजा एक यंत्र सातपूरला आणि दुसरे नाशिकरोडला आहे, आणि हार्टबीट एकाच फायबरवरून जातो. रस्त्याच्या खोदाईत ती केबल तुटली की हीच अवस्था येते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या, तरी त्या एकाच चरातून जात नाहीत ना, हे प्रत्यक्ष विचारून घ्यावे. एकाच खोलीतल्या जोडीलाही हार्टबीटसाठी स्वतंत्र थेट केबल आणि शिवाय व्यवस्थापन नेटवर्क असे दोन मार्ग द्यावेत. यंत्रे वेगळ्या रॅकमध्ये आणि वेगळ्या यूपीएसवर हवीत.

यंत्र चालू आहे पण बाहेर जाणारी लिंक मेली, हा प्रकार हार्टबीटला कळत नाही. त्यासाठी इंटरफेस आणि गेटवे यांवर पाळत लावतात. दुरुस्त झालेल्या यंत्राने आपणहून पुन्हा ॲक्टिव्ह होऊ नये, अशी नोंद बहुधा हिताची असते. नाहीतर अर्धवट बिघडलेले यंत्र काम पुन्हापुन्हा घेते आणि सोडते. कनेक्शन मिररिंग, म्हणजे चालू कनेक्शनांची माहिती स्टँडबायलाही देत राहणे, दीर्घकाळ चालणाऱ्या कनेक्शनांपुरतेच ठेवावे, कारण त्याचा भार दोन्ही यंत्रांवर पडतो. दोन्ही यंत्रे ॲक्टिव्ह ठेवायची असतील, तर प्रत्येकावरचा भार क्षमतेच्या निम्म्याच्या आत हवा. एक गेल्यावर उरलेल्याला सगळे पेलायचे असते.

फेलओव्हरची चाचणी कमी रहदारीच्या वेळी, दोन्ही दिशांनी घेतात : आज्ञा देऊन, केबल काढून, आणि वीज तोडून. तिन्हींचे परिणाम वेगळे निघतात, म्हणून केवळ पहिलीवर थांबू नये. सॉफ्टवेअर अद्ययावत करताना आधी स्टँडबाय यंत्र अद्ययावत करतात, फेलओव्हर करून ते नीट चालते हे पाहतात, मगच दुसऱ्याला हात लावतात. आवृत्त्या वेगळ्या असेपर्यंत सिंक करत नाहीत.