आकडा नसलेल्यांचा कोच: जो मूर यांची कारकीर्द

जुलै १९९८. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या लाफायेत शहराच्या फेडरल कोर्टात ज्युरीने एका फुटबॉल कोचच्या बाजूने कौल दिला आणि बुडालेल्या पगाराची रक्कम ठरवली: ४२,९३५ डॉलर आणि २८ सेंट. कोच होते जो मूर, वय ६६. उभं आयुष्य मैदानावर गेलं, पण त्यांच्या स्वतःच्या नावापुढे इतका नेमका आकडा त्याआधी कधी लागला नव्हता. लागणार तरी कसा? ते ऑफेन्सिव्ह लाइनचे कोच होते.

आज दर मोसमाच्या शेवटी कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनला ‘जो मूर अवॉर्ड’ दिलं जातं. पुरस्काराची बातमी येते, संघाचं नाव येतं, पण ज्यांच्या नावाने तो दिला जातो ते मूर कोण, हे अमेरिकेतल्या अनेक प्रेक्षकांनाही धड सांगता येणार नाही. हा त्या नावामागचा इतिहास.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट आणि खांद्यावर पॅड घालून खेळतात तो. हल्ला करणाऱ्या संघाच्या अकरा जणांपैकी पाच जण क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, पुढे ओळीने वाकून उभे असतात: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि त्यांच्या बाहेर टॅकल. चेंडू सेंटरच्या हातातून मागे सुटला की या पाचांची त्याच्याशी ओळख जवळजवळ संपते. पुढे फेकलेला पास झेलायची त्यांना परवानगी नसते. त्यांचं काम समोरच्याला अडवणं, ढकलणं, वाट मोकळी करणं. धावणाऱ्याचे यार्ड मोजले जातात, फेकणाऱ्याचे पास मोजले जातात, झेलणाऱ्याचे झेल मोजले जातात. लाइनमनचा उल्लेख लाउडस्पीकरवर होतो तो होल्डिंगचा, म्हणजे समोरच्याला धरून ठेवल्याचा, फाउल झाला की, आणि तेव्हाही नाव नाही, नुसता जर्सीचा नंबर. दहीहंडीत वरच्या पोराचा फोटो पेपरात येतो आणि तळाच्या थरातल्या कोणाचा तरी अर्धा खांदा फोटोच्या कडेला दिसतो, तो खांदा म्हणजे ही मंडळी.

ही ओळ जुनी आहे, तिचा स्वतंत्र कोच मात्र त्या मानाने नवा. १८८० मध्ये, अमेरिकन फुटबॉलचे जनक मानले जाणारे वॉल्टर कॅम्प यांच्या सूचनेवरून रग्बीसारखी झोंबाझोंबी जाऊन चेंडू मागे देण्याची पद्धत आली आणि दोन संघ समोरासमोर ओळीत उभे राहू लागले. १९१० पासून किमान सात जण ओळीवर असलेच पाहिजेत असा नियम झाला. यामागे खेळातले मृत्यू होते. घोळक्याने धावत येऊन एका जागी आदळायची चाल जीवघेणी ठरत होती. पण लाइनच्या कोचचं काम बदललं ते वेगळ्याच नियमामुळे. १९५३ मध्ये कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने बदली खेळाडूंवर कडक मर्यादा घातली, त्यामुळे तोच माणूस हल्ल्यातही खेळायचा आणि बचावातही. मग ‘लाइन कोच’ एकच, तो दोन्ही शिकवायचा. साठच्या दशकाच्या मध्यावर मर्यादा उठली, हल्ल्याचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे झाले आणि फक्त ऑफेन्सिव्ह लाइन शिकवणारा माणूस ठेवणं परवडू लागलं. पुढे हातांचा नियम सैल झाला. १९७८ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगने पास अडवताना हात लांब करून उघड्या पंज्याने ढकलायला मुभा दिली, कालांतराने कॉलेजच्या नियमांतही ते आलं. तोवर मुठी छातीशी धरून कोपराने अडवायचं तंत्र होतं. एका नियमाने अख्खी विद्या नव्याने लिहावी लागली, आणि ती लिहिणाऱ्या पिढीत मूर होते.

जो मूर पेन्सिल्व्हेनियाचे. कॉलेज पेन स्टेटचं, आणि कोचिंगची सुरुवात थेट शाळांमधून. पिट्सबर्गच्या दक्षिणेकडच्या अप्पर सेंट क्लेअर हायस्कूलमध्ये ते हेड कोच होते. तिथे त्यांच्या हाताखाली कर्क फेरेंट्झ नावाचा एक लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या ओळीमागे उभा राहणारा गडी, खेळत होता, त्याच्याकडे पुन्हा येऊच. १९७७ मध्ये हेड कोच जॅकी शेरिल यांनी मूर यांना पिट्सबर्ग विद्यापीठात, म्हणजे सगळे ज्याला पिट म्हणतात तिथे, बोलावून घेतलं.

पुढची आठ-नऊ वर्षं हा त्यांच्या कारकिर्दीचा सुवर्णकाळ. १९८० च्या पिट संघाने बारापैकी अकरा सामने जिंकले आणि मोसमाअखेर देशात दुसरा क्रमांक पटकावला. त्या संघाच्या लाइनमध्ये मार्क मे होता, त्याच वर्षी सर्वोत्तम लाइनमनची आउटलंड ट्रॉफी जिंकणारा. सेंटरला होता रस ग्रिम, आणि हा ग्रिम मुळात लाइनमन नव्हताच. शाळेत क्वार्टरबॅक, कॉलेजात आला लाइनबॅकर म्हणून. त्याला सेंटर व्हायला सांगितलं तेव्हा तो काही खुशीने तयार झाला नाही, आणि कोण होईल? चेंडू फेकणाऱ्या पोराला सांगायचं की आजपासून तू वाकून चेंडू मागे द्यायचा आणि लगेच समोरच्याच्या अंगावर जायचं. २०१० मध्ये तोच ग्रिम प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याच्यामागोमाग पिटमधून आला जिम्बो कोव्हर्ट. १९८३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलचे संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात, तो सहाव्या क्रमांकावर निवडला गेला. ज्याच्या रक्षणासाठी तो उभा असायचा तो क्वार्टरबॅक डॅन मारिनो त्याच दिवशी सत्ताविसाव्या क्रमांकापर्यंत थांबून राहिला. कोव्हर्टही आता हॉल ऑफ फेममध्ये आहे.

आणि मग बिल फ्रॅलिक. हा टॅकल इतका दांडगा होता की त्याला हाइझमन ट्रॉफीच्या, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या, चर्चेत आणायचं पिटच्या प्रसिद्धी विभागाने मनावर घेतलं. अडचण तीच जुनी: दाखवायचं काय? आकडाच नाही. मग समोरच्याला पाठीवर सपाट पाडलं की त्याला ‘पॅनकेक’ म्हणायचं आणि ते मोजायचे, अशी युक्ती निघाली. समालोचक आज सर्रास वापरतात तो शब्द रूढ व्हायला हा खटाटोप बराच कारणीभूत ठरला. फ्रॅलिकला हाइझमन मिळाली नाही, पण १९८५ मध्ये एनएफएलने त्याला दुसऱ्या क्रमांकावर उचललं.

पण हा माणूस शिकवायचा म्हणजे काय? एकच ब्लॉक जवळून पाहू, दोघांनी मिळून करायचा. गार्ड आणि टॅकल शेजारी वाकलेत. समोर दीडशे किलोच्या आसपासचा डिफेन्सिव्ह लाइनमन, त्याच्या मागे तीन-चार यार्डांवर लाइनबॅकर उभा. चेंडू सुटताच दोघांनी पहिलं पाऊल टाकायचं ते वीतभरसुद्धा नाही. मोठं पाऊल टाकलं तर एक पाय हवेत राहतो, आणि एका पायावरच्या माणसाला कोणीही ढकलतं. कमरेला कमर चिकटवून दोघांनी त्या धिप्पाड गड्याला मागे रेटायचं, पण नजर त्याच्यावर ठेवायची नाही. नजर मागच्या लाइनबॅकरवर. तो ज्याच्या बाजूला सरकेल त्याने जोडी सोडून त्याच्यावर जायचं आणि उरलेल्याने एकट्याने भार घ्यायचा. अर्धा सेकंद लवकर सुटलात तर पहिला गडी दोघांमधून घुसतो, उशीर झाला तर लाइनबॅकर धावणाऱ्याला गाठतो. बोलायला वेळ नसतो. हे अंगात मुरावं म्हणून लोखंडी सांगाड्याचा एक बुटका मांडव असतो. त्याच्या खालून वाकूनच निघावं लागतं, सरळ झालात की हेल्मेट वर आपटतं. पायांमध्ये लाकडी फळी ठेवतात, पाय जवळ आले की तिला अडखळतात. रोज, शेकडो वेळा. माझ्या मते या खेळातलं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात अवघड शिक्षण आहे. म्हणूनच या जागेवरचे कोच कडक तोंडाचे निघतात. मूर तर निघालेच. ते पुढे कोर्टात आडवं आलं.

१९८० मध्ये पिटमध्ये मूर यांच्या हाताखाली ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून काम करायला तोच कर्क फेरेंट्झ आला. ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणजे कोचिंगच्या शिडीची सगळ्यात खालची पायरी: फिल्म कापायची, पडेल ते काम करायचं, हाती जेमतेम काहीतरी पडायचं. फेरेंट्झ स्वतः कॉलेजात लाइनबॅकर खेळलेला, त्याला लाइनची विद्या मिळाली ती मूर यांच्याकडून. वर्षभरात, पंचविशीतच, आयोवाचे हेड कोच हेडन फ्राय यांनी त्याला ऑफेन्सिव्ह लाइनचा कोच नेमलं, आणि पहिल्याच मोसमात आयोवा २३ वर्षांनी रोझ बोल या मानाच्या सामन्याला पोहोचलं. नऊ वर्षं तिथे, मग मेन विद्यापीठात हेड कोच, एनएफएलमध्ये क्लीव्हलंड आणि बाल्टिमोर येथे लाइन कोच, आणि १९९९ पासून पुन्हा आयोवात, या वेळी हेड कोच. सप्टेंबर २०२५ मध्ये फेरेंट्झ आयोवा ज्यात खेळतं त्या बिग टेन गटाच्या इतिहासात सर्वाधिक विजय मिळवणारे कोच ठरले, ओहायो स्टेटचे वुडी हेज यांना मागे टाकून. मूर यांच्या शिकवणुकीचा एवढा मोठा लेखी पुरावा दुसरा नाही, आणि तोही दुसऱ्याच्या नावावर.

मूर पिटमधून निघाले ते दोन मोसमांसाठी टेम्पल विद्यापीठात. १९८६ मध्ये तिथला रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, पॉल पामर १,८६६ यार्ड धावला आणि हाइझमनच्या मतदानात दुसरा आला. यार्ड पामरचे.

१९८८ मध्ये हेड कोच लू होल्ट्झ यांनी मूर यांना नोटर डेम विद्यापीठात नेलं. पहिल्याच मोसमात संघाने सगळे बारा सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्या लाइनमधला टॅकल अँडी हेक आधी टाइट एंड होता, पास झेलणारा. मूर यांच्याकडे तो टॅकल झाला, ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या निवडक सर्वोत्तमांपैकी एक, ठरला आणि पहिल्या फेरीत निवडला गेला. पुढे हेक स्वतः लाइन कोच झाला, कॅन्सस सिटी चीफ्सच्या सुपर बोल जिंकणाऱ्या संघांत. १९९३ मध्ये अॅरन टेलरने लोम्बार्डी अवॉर्ड जिंकलं. ही दोन नावं नुसता नमुना, यादी याहून बरीच लांब आहे.

१९९६ च्या मोसमाअखेर होल्ट्झ पायउतार झाले आणि बचावाचे कोऑर्डिनेटर बॉब डेव्ही हेड कोच झाले. नवा हेड कोच आला की जुन्या असिस्टंटांची गच्छंती ठरलेलीच, यात कोणाला नवल वाटत नाही. मूर यांनाही निरोप मिळाला. वेगळं हे की मूर कोर्टात गेले. वय ६४ म्हणून आपल्याला काढलं असा त्यांचा दावा होता, आणि चाळिशीवरच्या नोकरदारांना संरक्षण देणारा १९६७ चा कायदा त्यांच्या मदतीला होता. विद्यापीठाचं म्हणणं वेगळं: मूर खेळाडूंना धाक घालत, शिवीगाळ करत, अपमानास्पद बोलत, म्हणून काढलं. दोन्ही बाजूंनी साक्षी झाल्या आणि लॉकर रूमच्या दाराआडच्या गोष्टी जाहीर झाल्या.

ज्युरीने मूर यांच्या बाजूने निकाल दिला. भेदभाव जाणूनबुजून झाला असं ठरलं, तर बुडालेल्या पगाराइतकीच आणखी रक्कम दंड म्हणून द्यायची कायद्यात तरतूद आहे. म्हणून ते ४२,९३५ डॉलर दुप्पट होऊन सुमारे ८५,८७० झाले. मूर यांना पैशांपेक्षा नोकरी परत हवी होती. न्यायाधीश अॅलन शार्प यांनी ती दिली नाही. त्या जागेवर दुसरा माणूस बसला होता, आणि डेव्ही व मूर यांनी रोज एका खोलीत बसून सामन्याची आखणी करावी हे कोणालाच शक्य वाटत नव्हतं. त्याऐवजी पुढच्या काळाच्या पगारापोटी सुमारे ७५,५०० डॉलर मिळाले. असिस्टंट कोचच्या नोकरीवर करार सोडून कसलाही कायदा चालतो, हेच तोवर अनेकांच्या गावी नव्हतं. पुढे कामगार कायद्याच्या वर्गांत हा खटला शिकवला जाऊ लागला.

जो मूर २००३ च्या जुलैमध्ये गेले. पुरस्कार सुरू व्हायला आणखी बारा वर्षं लागली, आणि तो सुरू करण्यात अॅरन टेलर पुढे होता. कॉलेज फुटबॉलच्या मोठ्या पुरस्कारांत संपूर्ण तुकडीला मिळणारा हा एकमेव. निवडताना यार्डांपेक्षा चिवटपणा, शेवटपर्यंत ब्लॉक न सोडणं, पाच जणांची जुळणी, असल्या गोष्टी पाहिल्या जातात. ट्रॉफी ८०० पौंडांची, म्हणजे सुमारे ३६० किलोची. २०१५ मध्ये पहिली अलाबामाला गेली. तिसरी, २०१७ ची, नोटर डेमला, ज्या विद्यापीठाविरुद्ध मूर कोर्टात जिंकले होते त्याला.

दुसरी गेली आयोवाला, २०१६ मध्ये. हेड कोच कर्क फेरेंट्झ, आणि त्या वर्षी लाइन शिकवत होते त्यांचे चिरंजीव ब्रायन.